खुशालरावांचा पहारा

बाळापूरच्या विठ्ठलमंदिराचे पुजारी हरिहर महाराज दर चैत्रात सप्ताह करत. सप्ताहाची अट एकच. वीणा सात दिवस माणसाच्या गळ्यातून उतरता कामा नये. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने त्याच्या पाया पडून वीणा घ्यायची आणि देणाऱ्यानेही घेणाऱ्याच्या पाया पडायचं. वडिलांच्या काळी पहाऱ्यासाठी भांडणं होत. एकोणीसशे एकोणसाठ साल उजाडेपर्यंत भांडणं उरली ती पंगतीत. 'येतो महाराज' म्हणायला अख्खं गाव आणि यायला एकटे महाराज.

त्या वर्षी पहाटे गळ्यात घातलेली वीणा भर दुपारीही त्यांच्याच गळ्यात होती. पाय सुजले होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. वीणा खाली टेकली तर वडिलांचा नेम आपल्या हातून मोडेल, या धास्तीने ते उभे होते. शेवटी त्यांची बायको गोदावरी माणूस शोधायला उन्हात बाहेर पडली.

ती गेली आणि खुशालराव आले. नदीपलीकडचे शेतकरी, मंदिरातले सर्वांत जुने वीणेकरी, पण दिवाळीपासून लकव्याने अंथरुणाला खिळलेले. महाराजांना नवल वाटलं, पण थकलेला माणूस चौकशा करत नाही. पायांना हात लावला, तर एवढ्या उन्हातून आलेले पाय गारढोण. महाराजांनी वीणा दिली, खांबाला टेकले आणि तिथेच झोपले.

जाग आली ती गोदावरीच्या हाकेने. ती उंबऱ्याबाहेरच उभी होती आणि तिच्यामागे गावातली माणसं.

"आत कोण गाते आहे?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"खुशालराव."

"अहो, ते सकाळीच गेले. ही सगळी त्यांना अग्नी देऊन आली. म्हणून तर कोणी घरी भेटलं नाही."

महाराजांच्या अंगावर सर्रकन काटा आला. खुशालराव पाठमोरे उभे राहून संथपणे 'रामकृष्णहरी' म्हणत होते. महाराज जवळ गेले आणि त्यांनी हात पुढे केले.

"तुमी थकले, महाराज," खुशालराव न वळता म्हणाले. "दुसरा पाठवा."

भुतापेक्षाही मोठी भीती मग महाराजांच्या मनात शिरली. बदलीचा माणूस आल्याशिवाय वीणेकरी हलत नाही. कोणी आलंच नाही, तर हा भला माणूस मेल्यावरही इथेच उभा राहणार, आणि त्याला उभं करणारे आपण.

"वीणा कोण घेते?" त्यांनी उंबऱ्याकडे पाहून विचारलं. जो तो मागे सरकला. एकाने तर सवयीने 'उद्या येतो' म्हणून टाकलं. जागचा हलला नाही तो खुशालरावांचा मुलगा सूर्यभान, मुंडण केलेला, अंगावर ओलं धोतर.

"मले सुतक हाय, महाराज. मी कसा शिवू?"

जन्मभर सोवळं सांभाळलेल्या महाराजांनी त्याचा हात धरला. "सुतक माणूस गेल्यावर लागते, बाबू. तुझा बाप अजून गेला कुठं?"

सूर्यभान आत आला, बापाच्या पाया पडला. वीणा त्याच्या गळ्यात आली. मग रिवाजाप्रमाणे खुशालराव वाकले. सूर्यभानने डोळे गच्च मिटून घेतले. पायांवर कपाळ टेकलं, थोडा वेळ राहिलं आणि मग नाहीसं झालं.

डोळे उघडले तेव्हा समोर कोणी नव्हतं. तो रडत होता, पण त्याने तार थांबू दिली नाही. उंबऱ्यावरची माणसं केव्हाच पांगली होती.

संध्याकाळी त्याची बदली करायला पुन्हा महाराजच आले. ते पाया पडायला वाकले तसं सूर्यभानने त्यांना वरच्यावर धरलं.

"नका, महाराज," तो म्हणाला. "आज माह्या बापानं माहे पाय धरले. आता दुसऱ्या कोनी धरू नका."