टेपचं टोक

समोरच्या घराचं दार उघडं होतं. अनंतरावांना बघायला त्यांचा पुतण्या आला होता. ते आतल्या खोलीत पडून आहेत. त्यांच्या श्वासाची घरघर माझ्या उंबऱ्यापर्यंत ऐकू येते. पुतण्या मात्र टेप काढून हॉलची भिंत मोजत होता.

"मधुकाका, एवढं टोक धरता?"

मधुकररावांनी धरलं.

बत्तीस वर्षं हे दोघे या घरात एकत्र राहताहेत. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून भांडतात, एकाचा चष्मा दुसऱ्यालाच सापडतो. मी याला संसार म्हणते. कायदा काहीच म्हणत नाही. घर अनंतरावांच्या नावावर आहे. मृत्युपत्राचं काढलं की ते हसायचे, "मधू आहे ना, तो बघेल." इतर जोडप्यांसारखा लग्नाचा दाखला यांनाही मिळाला असता, तर आज ही टेप खिशातच राहिली असती.

आतली घरघर मध्येच थांबली. आम्ही तिघंही ऐकत राहिलो. मग ती पुन्हा सुरू झाली आणि पुतण्याने आकडा लिहून घेतला.

टेप सर्रकन आत गेली. मधुकररावांचं बोट भिंतीवर तसंच टेकलेलं राहिलं.