मीठ चाखणारी पोरं

"मीठ झालंय का बघ बरं," असं म्हणत मावशी चमच्यावर फुंकर घालायच्या आणि तो समोरच्या पोरापुढं धरायच्या.

दौंडला रेल्वे कॉलनीच्या मागं आमचं घर, आणि शेजारी त्यांचं. घरातच त्या पाच-सहा पोरं सांभाळायच्या. मी सकाळच्या गाडीनं पुण्याला जायची, म्हणून माझी तीन वर्षांची लेकही त्यांच्याकडं. लेकीची खाण्याच्या नावानं बोंब. वाटी घेऊन मागं पळताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. वजन वाढत नव्हतं. डॉक्टर रागावले, तेव्हापासून मला खरंच भीती वाटत होती.

पहिल्या दिवशी मी डब्याबरोबर आंब्याच्या सरबताचं पाकीट दिलं. संध्याकाळी ते जसंच्या तसं परत आलं.

"ताई, आंबा द्यायचा आसल तर आंबाच द्या की. तिला ताक दिलंय. हे तुम्ही गाडीत प्या."

थोड्याच दिवसांत लेक घरी येऊन ऐटीत सांगू लागली, "आज वरणात मीठ कमी होतं. मी सांगितलं." म्हणजे वरण पोटात जात होतं तर! हे कसं घडलं, ते मला बघायचंच होतं.

एका सुट्टीला मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. मुगाची खिचडी, किसलेलं गाजर, पातळ ताक. "खा" हा शब्द मावशींनी एकदाही उच्चारला नाही. चमचा पुढं आला की पोरं गंभीर तोंड करून चाखायची. माझी लेक म्हणाली, "थोडं टाक." मावशींनी चिमूटभर टाकलं आणि पोरांच्या पंगतीत स्वतःचं ताट घेऊन बसल्या. काय डोकं आहे बाईचं, असं तुम्हालाही वाटलं असतं.

"मावशी, युक्ती भारी आहे हं तुमची."

"कसली युक्ती? मला चवच कळत न्हाई. त्या करोनाच्या तापात गेली, ती आलीच न्हाई. पोरांनी सांगितलं म्हंजी मीठ झालं."

"मग जेवता कशा?"

"पोरं मिटक्या मारत्यात. त्येंच्याकडं बघून घास उतरतो. एकटीला न्हाई जात."

 इतके दिवस मी समजत होते, मावशी पोरांना जेवायला घालतात.

यंदा मुलानं त्यांना शिरूरला नेलं. मुलगा आणि सून दोघंही कारखान्यात. घर छान आहे, फ्रिज भरलेला आहे, पण दुपारी तिथं चिटपाखरू नसतं. माझी लेक आता आपल्या हातानं जेवते. काळजी लागलीय ती मावशींची. फोनवर विचारलं की म्हणतात, "व्हय व्हय, खाल्लं की." काय खाल्लं म्हटलं, तर लगेच पोरीचं विचारायला लागतात.

येत्या बुधवारी मी रजा टाकलीय. सकाळच्या एसटीनं लेकीला घेऊन शिरूरला जाणार आहे. निघताना तिला फार काही खायला द्यायचं नाही, असं ठरवलंय. मावशींच्या दारात पोचेपर्यंत तिला सपाटून भूक लागलेली हवी.