बिबवेवाडीच्या खोलीतलं सुकाणू

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. पप्पा बस डेपोत मेकॅनिक आहेत आणि मम्मी विश्रांतवाडीतल्या दोन-तीन घरी पोळ्या करते. त्यामुळे कॉलेजमध्ये काही अडलं की ते माझ्यामुळे अडलंय की सगळ्यांचंच असं अडतं, हे विचारायला घरी कोणी नव्हतं. पहिल्या वर्षी व्यक्तिमत्त्व विकासाचं एक शिबिर झालं. तिथे एका सरांनी सांगितलं, की पुढारी व्हायचं तर समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, हात घट्ट दाबायचा आणि पहिलं वाक्य मोठ्यानं बोलायचं. मी घरी आरशासमोर तिन्ही गोष्टींचा सराव केला. दुसऱ्या दिवशी सरांचा हात इतका घट्ट धरला की ते म्हणाले, "अरे, सोड आता." वर्ग हसला. तो सोडायचा कधी, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

पुढे कॉलेजच्या समुपदेशक मॅडमनी मला सरकारी दवाखान्यात तपासणीला पाठवलं आणि मला ऑटिझम आहे हे कळलं. मम्मी म्हणाली, "म्हणून तू जयंतीच्या मिरवणुकीत कान दाबून उभा असायचास होय." आमच्या वस्तीत जयंती म्हणजे वर्षाचा सण, आणि स्पीकरच्या भिंतीसमोर मला रडू यायचं. लोकांना वाटायचं, शिकला म्हणून याला आपल्या माणसांची लाज वाटते. मलाही कधी कधी तसंच वाटायचं. त्या दिवसापासून मम्मीनं मला तसं वाटू दिलं नाही. जी विचारेल त्या प्रत्येक बाईला ती सांगते, "त्याच्या कानाला आवाज जास्त येतो. मनाला नाही काही."

मॅडमनी मला एका ताईंचा नंबर दिला. ताई सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतात. त्यांनाही ऑटिझम आहे, हे त्यांना तिशी उलटल्यावर कळलं. दर रविवारी सकाळी बिबवेवाडीत एका ट्रस्टच्या अभ्यासिकेच्या वरच्या खोलीत त्यांचा गट भरतो. कोणाला ऑटिझम, कोणाला एका जागी लक्ष टिकवणं अवघड, कोणाला अक्षरं नाचताना दिसतात. तिथे शिकवायला बाहेरून कोणी येत नाही. आम्हीच एकमेकांना शिकवतो, आणि शिकवतो ते एकच: माणसांना बरोबर घेऊन एखादं काम कसं पार पाडायचं.

ज्याच्याकडे त्या रविवारची जबाबदारी, त्याला आम्ही सुकाणू म्हणतो. सुकाणू एकदम होता येत नाही. आधी बरेच रविवार फक्त लवकर येऊन खिडक्या उघडायच्या आणि पंखे लावायचे. मग शनिवारचा मेसेज लिहायचा: उद्या काय होणार, कोण येणार, चहा कधी, खोलीत आवाज कुठून येतो. मग बैठकीत एकच प्रश्न विचारायचा. मग एक अख्खी बैठक. शिकवणारा म्हणजे जो आपल्या आधी हे शिकला तो. पप्पांनी मला विचारलं होतं, "लीडरशिपच्या क्लासला जातोस म्हणे. काय करतोस तिथे?"

"सध्या पंखे लावतो."

त्यांना हसू येईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "बरोबर आहे. मी पहिलं वर्षभर उस्तादाच्या हातात नुसते पाने देत होतो."

गटाचे नियम थोडे आहेत. त्यातला मला सगळ्यात आवडणारा असा: प्रश्न विचारला की थांबायचं. विचारणाऱ्यानं तो पुन्हा विचारायचा नाही, सोपा करून द्यायचा नाही, आणि उत्तर सुचवायचं तर मुळीच नाही. आमच्यातल्या पुष्कळांना शब्द उशिरा सापडतात, आणि ते सापडत असताना कोणी मध्ये बोललं की पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं. ज्याला बोलायचंच नाही त्यानं खुर्चीवर ठेवलेलं पिवळं कार्ड वर धरायचं. मग सुकाणू पुढे जातो. कारण विचारत नाही.

माझ्या पहिल्या पूर्ण बैठकीच्या आधीच्या आठवड्यात ट्रस्टच्या कार्यवाह काकांनी ताईंना जिन्यात गाठलं. काका बँकेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारे. मी मागे पंख्याचा रेग्युलेटर दुरुस्त करायला आणलेला स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभा होतो.

"तुमचं काम चांगलं आहे हो," ते म्हणाले, "पण खोलीत एक जबाबदार माणूस हवा."

"मी असते ना, काका."

"तसा नाही. म्हणजे... तुम्हाला कळतंय. नॉर्मल."

ताई म्हणाल्या, "कळलं."

"विश्वस्तांचं म्हणणं, आपण एक ट्रेनर नेमू. तोच घेईल तुमचे तास. ते नको असेल तर क्लासवाले खोली मागतायत. मी रविवारी येऊन बसतो, बघतो, आणि त्यांना काय ते सांगतो."

एवढं बोलून ते खाली गेले. मला ते सरळ दिसलं. ट्रेनर आला तर खोली राहील, पण सुकाणू राहणार नाही. आम्ही पुन्हा रांगेत बसू आणि कोणीतरी आम्हाला डोळ्यांत बघायला शिकवेल. आणि बघायला येणार होते ते माझ्या रविवारी.

मी ताईंना म्हटलं, "या वेळी तुम्हीच घ्या ना."

"तुला नको आहे म्हणून, की मला जास्त चांगलं जमेल म्हणून?"

मला लगेच सांगता आलं नाही. रात्री मेसेज केला: दुसरं. त्यांचं उत्तर आलं: मग तूच कर.

त्या रविवारी एक मुलगी पहिल्यांदाच येणार होती, कात्रजहून, आईबरोबर. अकरावीतली. माझा शनिवारचा मेसेज इतका लांब झाला की हेडफोन कधीच न काढणारा आमचा मित्र म्हणाला, "हा मेसेज आहे की सातबारा?" पण मला काही सुटू द्यायचं नव्हतं. जिना एकच आहे. दुसरं दार कपाटानं अडलेलं आहे. डावीकडच्या खिडकीतून गॅरेजचा आवाज येतो. पिवळ्या कार्डाचंही सगळं लिहिलं होतं. ते काकांनाही पाठवलं. नव्या मुलीचा नंबर नव्हता म्हणून तिच्या आईच्या फोनवर पाठवलं.

सकाळी सगळे बसले. काका दाराजवळ, हाताची घडी घालून. मुलगी आणि तिची आई माझ्या समोर. मी नमस्कार केला, लिहून आणलेलं वाचलं आणि मुलीला पहिला प्रश्न विचारला: "ही खोली तुला सोपी वाटावी म्हणून आम्ही काय बदलू?"

आणि थांबलो.

तिची आई म्हणाली, "तिला काही नको, खूप छान आहे सगळं."

मी हळूच म्हटलं, "काकू, प्रश्न तिला आहे." पुन्हा थांबलो.

मुलगी स्वतःच्या चपलेकडे बघत होती. गॅरेजमध्ये कोणीतरी पत्रा ठोकत होतं. ते थांबलं, पुन्हा सुरू झालं. मी वाट बघत होतो. आमच्या लोकांना त्याचं काही वाटत नव्हतं. एकजण विणत होती, एकजण डोळे मिटून बसला होता. काका मात्र खुर्चीत सारखे चुळबुळत होते. शेवटी ते म्हणाले, "अहो, विचारा ना पुन्हा!"

हेडफोनवाला मित्र मान न वळवता म्हणाला, "काका, प्रश्न पोचलाय. उत्तर वाटेत आहे."

आणखी वेळ गेला. मग माझं लक्ष तिच्या खुर्चीकडे गेलं. पिवळं कार्ड तिच्या मांडीखाली दबलं होतं. ते काय आहे हे तिला माहीतच नव्हतं. मेसेज आईच्या फोनवर गेला होता आणि तिथेच राहिला होता. मी मेसेजमध्ये लिहिलंय म्हणून बैठकीत तोंडी सांगितलं नव्हतं. म्हणजे तिला नाही म्हणता येत नव्हतं आणि मला पुढे जाता येत नव्हतं. नियम पाळत आम्ही दोघं समोरासमोर अडकलो होतो, आणि बाकीचे नियम पाळत आमच्याकडे बघत होते. आता कार्डाविषयी सांगितलं तर मध्ये बोलल्यासारखं होईल. न सांगावं तर ही अशीच बसून राहील. काका बघत होते. मला वाटलं, गेली खोली.

तेवढ्यात ती म्हणाली, "ती ट्यूब."

सगळ्यांनी वर बघितलं. कोपऱ्यातली ट्यूब बारीक गुणगुणत होती. मी इतके रविवार त्या खोलीत आलो, खिडकीच्या आवाजाचं लिहिलं, पण ट्यूबचं मला कधी ऐकू आलं नव्हतं. विणणारी उठली आणि तिनं बटण बंद केलं.

मला वाटलं उत्तर झालं. पण ती अजून चपलेकडेच बघत होती, म्हणून मी गप्प राहिलो. "आणि आईनं बाहेर बसावं," ती म्हणाली.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी काहीतरी हुकूम दिला होता. मग पर्स घेऊन उठल्या. "बरं बाई," म्हणाल्या आणि जिन्यात जाऊन बसल्या. त्यानंतर बैठक अशी झाली की मला तिचं फारसं आठवत नाही. म्हणजे ती नेहमीसारखी झाली.

चहाच्या वेळी काका माझ्याजवळ आले. "एवढा वेळ थांबायचं असतं, हे मला आधी कोणीतरी सांगायचं. मला बाथरूमला जायचं होतं. उठायची हिंमत होईना."

"सॉरी काका."

"सॉरी राहू द्या. एक सांगा. तुम्ही असे थांबलेले असताना आग लागली असती, तर? तरी थांबला असतात?"

ते टोमणा मारत होते, हे मला घरी पोचल्यावर कळलं. तेव्हा मी प्रश्न समजून नीट विचार केला. "नसतो थांबलो. काल मेसेजमध्ये लिहिलंय, जिना एकच आहे. दुसरं दार तुमच्या कपाटानं अडलंय. जिन्यात धूर असेल तर आम्हाला बाहेर पडता येणार नाही. ते कपाट तुम्हाला हलवायला हवं. मी आधीही एकदा खाली ऑफिसात सांगितलं होतं."

काकांनी कपाटाकडे बघितलं. त्यात ट्रस्टच्या जुन्या ट्रॉफ्या होत्या. कप बशीत ठेवून खाली गेले, आणि ताई मला म्हणाल्या, "फार सरळ बोललास."

"चुकलं का?"

"माहीत नाही. कळेल."

पुढचा आठवडा मला काही खाता येत नव्हतं. मम्मी रोज विचारायची, "आलं का त्यांचं काही?" बुधवारी काकांनी ताईंना फोन केला. ट्रेनरचं सध्या राहू द्या म्हणाले. विश्वस्तांना त्यांनी काय सांगितलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. रविवारी गेलो तर कपाट दुसऱ्या भिंतीला होतं, त्याच्या जागी फरशीवर धुळीचा एक चौकोन होता, आणि दुसरं दार उघडत होतं. मी ते दोनदा उघडून बघितलं. मग तिथेच उभा राहिलो, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कोणी विचारू नये असं वाटत होतं. कोणी विचारलंही नाही. आमच्याकडे विचारत नाहीत.

त्या मुलीची मी माफी मागितली. कार्डाचं आधी सांगायला हवं होतं, म्हटलं. तिनं मोबाइलवर लिहून दाखवलं: कार्ड माहीत असतं तर मी तेच दाखवलं असतं, आणि ट्यूब तशीच राहिली असती. तरीही आता नवीन कोणी आलं की कार्डाचं तोंडी सांगायचं, असा नियम आम्ही केला. ट्यूब बदलली. काकू अजूनही जिन्यात बसतात. परवा म्हणाल्या, "घरी हिला काही विचारलं की आता मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत बसते. थांबता येतं."

मला हे सगळं का लिहावंसं वाटलं ते नीट सांगता येणार नाही. कॉलेजमध्ये पुढच्या महिन्यात माझी तोंडी परीक्षा आहे. मी मॅडमबरोबर विभागप्रमुखांना भेटलो आणि मला उत्तराला वेळ लागतो, तो द्यावा, असं सांगितलं. माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. ते वाक्य मला शिकवलं ताईंनी, हेडफोनवाल्या मित्रानं, आणि पाने हातात देत राहिलेल्या पप्पांनीसुद्धा. त्यांचे आभार मानायला मला समोरासमोर जमत नाही. इथे जमतंय असं वाटतं.

ती मुलगी आता सुकाणू शिकते आणि तिला शिकवायचं काम माझ्याकडे आहे. पंखे झाले, मेसेज झाला. गेल्या रविवारी तिची पहिली पूर्ण बैठक होती. तिनं आल्याआल्या सगळ्या खुर्च्या भिंतींकडे तोंड करून मांडायला सांगितल्या. मी म्हणणार होतो की गोल मांडतात, पण सुकाणू ती होती. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून बसलो, ताईसुद्धा. माझ्या समोर रंगाचा एक पोपडा निघालेला होता. तिनं विचारलं, "असं बसून बोलायला बरं वाटतंय का?"

उत्तरं एकापाठोपाठ येत गेली. जो कधीच बोलत नाही तो डोळे मिटून बसणारासुद्धा पुष्कळ बोलला. त्या दिवशी एकही पिवळं कार्ड वर झालं नाही. झालं असतं तरी ते कोणाला दिसलं नसतं, हे आमच्या लक्षात चहाच्या वेळी आलं, आणि सगळे इतके हसले की काका खालून बघायला आले.

बैठकीनंतर शिकवणाऱ्यानं एकच सूचना द्यायची असते. माझ्याकडे दोन होत्या. मी म्हटलं, "कार्डाऐवजी हात वर करायला सांग."

तिनं थोडा वेळ घेतला. "नको," ती म्हणाली, "टिचकी वाजवायला सांगते."