ग्राफला घातलेला हार

मित्रांनो, आज दुपारी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत गेलो होतो. एका काचेच्या इमारतीच्या लॉबीत आमचं जुनं, लोखंड कातायचं लेथ मशीन दिसलं.

ऐंशीच्या दशकात त्याच जागी आमचं वर्कशॉप होतं. मी दिवसा स्टोअर सांभाळायचो आणि संध्याकाळी अर्थशास्त्रात एम.ए. करायचो. अभ्यासासाठी मी ब्रिटन आणि पश्चिम जर्मनीच्या स्थिर भांडवल गुंतवणुकीचा ग्राफ काढला, म्हणजे नव्या यंत्रांवर, इमारतींवर वर्षानुवर्षं कोणी किती पैसा लावला त्याचा. जर्मनीची रेघ वर, ब्रिटनची खाली. आमचं लेथ ब्रिटिशच, तेही फिरत्या पट्ट्यावर गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणूनचं झाकण, नसलेलं.

मी मालकांना ग्राफ दाखवला. "शेठ, मशीन बदला, नाहीतर आपली वाट लागेल."

"झकास काढलंस रे!" म्हणत त्यांनी त्याची फ्रेम केली. दसऱ्याला मशीनची पूजा झाली, तेव्हा ग्राफलाही झेंडूचा हार घातला. मशीन मात्र तेच राहिलं.

पुढच्या वर्षी त्याच लेथवर, ते चालवणाऱ्या मालवणच्या गावकरकाकांची दोन बोटं गेली. हॉस्पिटलात मी परत ग्राफचं काढलं, तर काका म्हणाले, "रेघो बघून बोटां परत येतली काय रे?"

नंतर वर्कशॉपही बंद पडलं.

आज लेथ नवीन रंगात चमकत होतं. भोवती जाड काच, वर पाटी: 'सुरक्षिततेसाठी हात लावू नये.'

बंद मशीनला शेवटी गार्ड मिळालं. गावकरकाका तर गेले. आता हे सांगू कुणाला?