भाऊजी आणि पश्चिमेची भिंत

एक भिंत झाकायला जगात सगळ्यात जास्त वेळ कोणी लावला असेल, तर तो आमच्या अकोल्याच्या भाऊजींनी, माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. आणि हे मी कौतुकानं सांगत नाहीये. संताप संताप होतो माझा!

ताई न्हाणीत पडली, खुबा मोडला, तेव्हापासून तिची खाट खालच्या खोलीत आहे. त्या खोलीची भिंत पश्चिमेची. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. दुपार कलली की त्या भिंतीवर भाकर भाजावी. बाहेरून काहीतरी आवरण घालायचं, एवढंच काम. शेजाऱ्यांनी पत्रा ठोकला नि मोकळे झाले. भाऊजींनी मात्र चिखलदऱ्याला कुठल्याशा जुन्या बंगल्याच्या भिंतींवर बाहेरून लाकडी फळ्या पाहिलेल्या. "देवदारच लावीन. मधात हवा खेळली पाह्यजे. पत्रा लावाले घर काय कोंबड्याइचं खुराडं हाय?" झालं. ताई तिकडे उकडतेय आणि हे फळ्या निवडताहेत, उन्हाळ्यामागून उन्हाळे.

लाकडाच्या टालावर हे दिसले की मालक मागच्या दारानं निघून जातो म्हणे. जाईल नाही तर काय! हे प्रत्येक फळी हुंगणार, बोटानं टकटक करून कान लावणार, एखादी गाठ दिसली की सुतकी चेहरा करणार. मिस्त्री बिचारा सांगून थकला, "काका, याच्या तं संत्र्याच्या पेट्या करतेत लोक. घराले सागवान लावा." त्यावर भाऊजी, "सागवान सारेच लावतेत."

नमुन्याचे तुकडे गच्चीवर उन्हात. शेजारणींच्या कुरडया वाळताहेत, त्यांच्या बाजूला यांचं लाकूड वाळतंय आणि हातात काठी घेऊन हे राखणीला! मी म्हटलं, अहो, कावळा लाकूड खातो का? "खात नाही, पण शिटते ना. मंग डाग उन्हाचा का कावळ्याचा, कसं समजन?" आता बोला. अमरावतीला माझ्याकडे आले तर भरल्या पाहुण्यांत माझं नवं कपाट नखानं खरवडून मोठ्यानं जाहीर केलं, "प्लाय हाय." त्या दिवशी मी यांना जेवायला वाढलं, हे माझे संस्कार.

आणि प्रत्येक तुकडा ताईच्या नाकाशी. फिट आलेल्याला कांदा हुंगवावा तसा! "हा पाह्य. का कालचा चांगला होता?" तीही डोळे मिटून हुंगते आणि म्हणते, "कालचा." मग हे पुन्हा टालावर.

मागच्या एप्रिलात माझा तोल सुटला. गाडी घेऊनच अकोल्याला गेले. "ताई, ऊठ. उन्हाळाभर माझ्याकडे चल. तुझ्या नवऱ्याला बसू दे लाकडं हुंगत!" भाऊजी तेव्हा गच्चीवर होते. ताई हसली. "शोभे, लग्न झाल्यापासून या माणसानं मले एक गोष्ट इचारली नाही. हे घर बांधाचं ठरलं तेही कुदळ मारल्यावर सांगतलं. आता दिवसभर येऊन राहिला, हे कसं, ते कसं. भिंत झाली म्हंजे काय इचारन तो मले?"

घामानं तिची उशी ओली झाली होती. मी रिकामीच परत आले. राग गेला नाही, फक्त आता तो दोघांवरही येऊ लागला.

यंदा होळीच्या आधी फळ्या लागल्या. कबूल करते, खोली निवली आणि भिंत दिसतेही देखणी. बघायला गेले तर ताई खाटेवर, भाऊजी खुर्चीत, आणि दोघंही गप्प. भाऊजींना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. गुडघ्यांवर ठेवायचे, उचलायचे, पुन्हा ठेवायचे.

"छान झालं हो," मी म्हटलं.

"हो. झालं."

मला बघवेना. चहाचा कप खाली ठेवला आणि, देवा रे, मीच विचारलं, "पण भाऊजी, स्वयंपाकघराच्या भिंतीचं काय करताय?"

भाऊजी ताडकन उठले. ताईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपरावर भार देऊन ती त्यांच्याकडे वळली, खाटेवर हातभर जागा केली आणि म्हणाली, "इथं बसा जी. आधी सांगा, लाकूड कोणतं?"