पंचांची साक्ष

नेवाशातले आमचे शेजारी चर्चचे पंच आहेत. प्रोटेस्टंट मयतीत ते साक्ष द्यायला उभे राहिले, की मेलेल्याच्या वाट्याला दोन वाक्यं येतात; बाकी सगळं प्रभूने यांची तंबाखू कशी सोडवली, यावर.

त्यांची बायको वारली, तेव्हा तिची म्हातारी कॅथलिक आई पेटीपाशी जपमाळ घेऊन बसली.

"मामी, माळ पिशवीत ठेवा," पंच गुरकावले. "मेलेल्यासाठी प्रभूकडं मागत न्हाईत आमच्यात. तिचा निकाल लागला वर."

"लेक हाय माजी," म्हातारी पुटपुटली. माळ पिशवीत गेली, पण हातही आतच राहिला.

पंच साक्षीला उभे राहिले. तंबाखू सुरू झाली, तशी पिशवी हलू लागली. माझ्या ऐसपैस देहाचा तेवढा एकदाच उपयोग झाला: पंचांना दिसू नये म्हणून मी म्हातारीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.