टॉवेलांच्या दोन चळती

हॉटेलच्या धुलाईघरात सगळे तिला मावशी म्हणत. चादरीवरचा डाग तिला बघूनच पळतो, असं इस्त्रीवाले गमतीनं म्हणायचे. अशा या बाईला एकाच गोष्टीनं हरवलं होतं, दहावीच्या गणितानं. शाळेत असताना तो विषय राहिला, मग लग्न झालं, आणि नापासाचा शिक्का तसाच राहिला. लेक कॉलेजात गेल्यावर मावशीनं हट्टानं पुन्हा फॉर्म भरला. या खेपेलाही विषय गेला तर पुन्हा गणिताचं नाव काढणार नाही, असं घरात जाहीरही करून टाकलं.

शिकवायला लेक होती, आणि तिचा धीर बेताचाच. ‘तीन क्ष अधिक दोन क्षवर्ग’ दिसलं की मावशी खुशाल पाच क्षवर्ग लिहून मोकळी.

"आई, ही सरूप, म्हणजे एकाच घाताची पदं नाहीत. यांची बेरीज होत नाही."

"का नाही? दोन्हीकडे क्षच आहे ना? आम्ही पांढरं सगळं एकाच मशीनमध्ये घालतो. आणि तसंच सोडायचं म्हणजे काम अर्धवटच की."

लेकीनं कपाळावर हात मारला.

परीक्षा तोंडावर आली असताना मावशी डबा घरी विसरली, तो द्यायला लेक धुलाईघरात आली. आलीच आहेस तर हात चालव, म्हणत आईनं तिला घड्या घालायला बसवलं. लेकीनं हात पुसायचा छोटा टॉवेल मोठ्या टॉवेलांच्या चळतीवर ठेवला मात्र, मावशी कडाडली.

"कापड एक असलं म्हणून काय झालं? माप बघ. धुताना एकत्र, चळत वेगळी."

लेक हसत सुटली. "महिनाभर मी दुसरं काय सांगतेय तुला?"

मावशीनं हातातला छोटा टॉवेल बघितला, मग मोठ्यांची चळत. मग तिलाही हसू आवरेना. एवढ्याशा गोष्टीवरून लेकीशी हुज्जत घातली, याची तिला लाज वाटली आणि मजाही.

पेपरात तसलंच लांबलचक गणित आलं. तिनं क्ष एकीकडे गोळा केले, क्षवर्ग दुसरीकडे. उरलं सात क्षवर्ग अधिक चार क्ष. ते एकत्र करून टाकायला हात शिवशिवत होता. तिनं तो मांडीखाली दाबून धरला आणि डोळ्यांनी पुढचा प्रश्न वाचायला घेतला.

निकाल लागला. काठावर, पण पास. मावशीला रडूच कोसळलं.

"संपलं बाई तुझं गणित एकदाचं," लेक म्हणाली.

"संपलं कसं?" मावशीनं डोळे पुसले. "अकरावीला कुठली पुस्तकं लागतात, ते बघ आधी."